टूएच मॅडम

मॅडम कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी उलटी करून बघत. खोली बघायला आल्या त्या सकाळी मी त्यांच्यापुढे घावनं ठेवली. त्यांनी पहिलं घावन उचललं, पालथं केलं, खालची बाजू बघितली आणि मग खाल्लं. खुर्चीचं तेच केलं, उशीच्या अभ्र्याचंही तेच. टेबलावर मी दोऱ्याने विणलेला रुमाल होता. तोही उलटा करून मी गाठी कुठे मारल्यात ते त्यांनी शोधलं. मला वाटलं, ह्या बाईंना आपल्या घरातलं काही पसंत पडणार नाही. मी दाराआड सरकले. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ताई, वरची बाजू सगळेच नीट करतात. तुमची खालचीही नीट आहे. मी खोली घेते."

आमच्या गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचा माळ आहे आणि सड्यावर सरकारी इंजिनीअरिंग कॉलेज. मॅडम तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवत. ड्रॉइंग म्हणजे फुलापानांचं नव्हे. यंत्राचा एखादा भाग समोरून, वरून आणि बाजूने कसा दिसेल ते मोठ्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलीने काढायचं. त्या कागदाला शीट म्हणतात. मॅडम घाटावरच्या, कराडच्या बाजूच्या. नोकरी पक्की नव्हती. तासाप्रमाणे पगार, आणि दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षाची यादी लागायची. यादीत नाव आलं तर राहायचं, नाही आलं तर सामान बांधायचं.

आमचे हे मुंबईला नोकरीला, त्यामुळे मागच्या अर्ध्या घरात मी एकटीच होते. पुढच्या अर्ध्यात माझे मोठे भावजी, जाऊबाई आणि त्यांचा मुलगा ओंकार. ओंकार त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होता, मॅडमच्याच वर्गात. घरातला पहिला इंजिनीअर होणार म्हणून भावजींनी गणपतीत सगळ्या वाडीला जेवण घातलं होतं.

मुलं मॅडमना 'टूएच' म्हणत. टूएच ही पेन्सिलीची जात. शिसं कडक, टोक बारीक, रेघ फिकट. पण दाबून ओढली तर खोडल्यावरही कागदावर वळ राहतो. मॅडम अंगाने तशाच काटकुळ्या होत्या. रोज सकाळी पायरीवर बसून त्या पॉलिश पेपरवर पेन्सिलींना टोकं करत. हे नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा मला म्हणाल्या, "एचबी म्हणाले असते तर वाईट वाटलं असतं. ती लगेच पसरते."

सहामाहीच्या शेवटी सबमिशन नावाचा प्रकार असतो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कॉलेजात परीक्षेआधीच एक परीक्षा असते. सगळ्या शीट काढून त्यावर मॅडमची सही घ्यायची. सह्या पूर्ण झाल्या तर टर्म मिळाली, म्हणजे परीक्षेला बसता येतं. नाही झाल्या तर त्या विषयाला बसायचं नाही, आणि वर्ष अडकण्याची भीती. त्या दिवसांत आमच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मुलांच्या मोटरसायकली उभ्या असायच्या. कागदाच्या गुंडाळ्या काखेत घेऊन मुलं पायरीशी चुळबुळत आणि म्हणत, "मॅडम, एक सही द्या ना." मॅडम शांतपणे म्हणत, "सही मागायची नसते. शीट दाखवायची असते." मग शीट उलगडत आणि आधी पालथी करत.

शीटच्या पाठीवर त्या काय बघतात हे मी एकदा धीर करून विचारलं. त्यांनी मला बोट फिरवायला लावलं. जिथे गोल काढलेला असतो तिथे कंपासच्या सुईचं टोचलेलं बारीक भोक लागतं. "भोक आहे म्हणजे गोल ह्याने काढला. नाही म्हणजे दुसऱ्याचा उतरवला," मॅडम म्हणाल्या.

त्याच दिवसांतली एक सकाळ. ओंकारचा मित्र सुशांत, तांडेलांच्या घरातला, पिशवीतून सुरमई घेऊन आला. त्याच्या तीन शीट बाकी होत्या. मी पिशवी घेतली, मासा पाण्यात टाकला आणि ओलं खोबरं किसायला बसले. मॅडम आंघोळ करून आल्या. घाटावरच्या असूनही मासा खायला शिकल्या होत्या, काटा कुठला हे बरोबर ओळखायच्या. त्यांनी सुरमई शेपटीने उचलली, उलटीसुलटी केली, कल्ला उघडून बघितला.

"ताजी आहे," त्या म्हणाल्या.

सुशांत हसला. "आजचीच, मॅडम. आमच्याच होडीची."

"आणि शीट?"

सुशांतने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले.

"मासा घरी घेऊन जा. आईला सांग, मॅडमनी बघितला, चांगला आहे. शीट आण, तीही बघते."

सुशांत पिशवी घेऊन मागच्या परड्यातून गेला, कारण पुढे मुलं उभी होती आणि त्याला लाज वाटली. माझं खोबरं अर्धं किसून झालं होतं. त्या दिवशी आम्ही त्याची सोलकढी केली.

काचेचा प्रकार त्यानंतर झाला. एका दुपारी ओंकार माझ्याकडे आला आणि कपाटाची सरकती काच काढू लागला.

"कित्याक रे?" मी विचारलं.

"शीट काढूक. सांजेक परत बसयतंय, काकी."

"काचेर शीट काढतत?"

"सगळे अशेच काढतत."

मला काय ठाऊक, मी काच पुसून दिली. भावजींच्या माजघरात ऊन शिरत नाही. तिथे दारं लावून पाच मुलं बसली. दोन खुर्च्यांवर काच आडवी, खाली पेटता बल्ब, काचेवर वरच्या वर्गातल्या कुणाची तरी तयार शीट आणि तिच्यावर कोरा कागद. खालच्या रेघा उजेडाने वर दिसतात, त्या गिरवायच्या. मी चहा घेऊन गेले तर घामाने निथळत हसत होते सगळे. दिवे लागायच्या आत पाचही जणांच्या शीट तयार झाल्या.

पण घाईत खालची शीट पालथी पडली होती. उजेडात रेघा तशाच दिसतात. आकडे आणि अक्षरं ते नंतर आपल्या हाताने घालत, त्यामुळे पाचांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. चित्र होतं एका लोखंडी ठोकळ्याचं, त्याला उजव्या बाजूला खाच. पाचही शीटवर खाच डावीकडे आली. आकडे मात्र सगळे बरोबर.

मॅडमनी शीट पालथ्या केल्या, बोट फिरवलं, मग सुलट्या केल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, "हा ठोकळा पाच जणांनी आरशात बघून काढलेला दिसतो." पोरं आठवडाभर त्या पाचांना आरसा म्हणून चिडवत होती. मॅडमनी पाचांना शिक्षा केली नाही, वरती कळवलंही नाही. सांगितलं एवढंच, की सगळ्या शीट पुन्हा, माझ्यासमोर बसून काढा. सबमिशनच्या शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत वेळ आहे.

चौघे जाऊन बसले. ओंकार गेला नाही, कारण भावजींनी त्याला जाऊ दिलं नाही.

भावजी माझ्याशी कधी समोर बघून बोलले नाहीत. आमच्याकडे थोरल्या दिराने धाकट्या भावाच्या बायकोशी असंच बोलायची रीत आहे. खळ्यात उभं राहून, माडाकडे बघत. मीही दाराच्या आतून उत्तर द्यायची. त्या संध्याकाळी त्यांनी माडाला सांगितलं, "आमच्याच घरात रवता आणि आमच्याच झिलाक अडवता? तिका सांग. एक सही करूक तिचा काय जाता?"

 मॅडम आत खोलीत होत्या, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

"सांगशीत मा?"

"बघतंय," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही. जेवताना त्यांनी भात कमी घेतला. घरात इतकी शांतता झाली की भावजींच्या बाजूचा टीव्ही भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू यायचा. जाऊबाईंनी माझ्याकडे दही मागणं बंद केलं. ओंकार खळ्यातून जाताना मान खाली घालायचा.

मग एक दिवस मॅडम कॉलेजातून लवकर आल्या आणि पायरीवर पेन्सिली घेऊन बसल्या. टोक केलं की मोडत होतं. पुन्हा करायच्या, पुन्हा मोडायचं.

"ताई, माझ्यावर तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "मी मुलांकडून मासे घेते आणि देत नाहीत त्यांच्या सह्या अडवते. प्राचार्यांनी वाचून दाखवली."

तक्रार भावजींची होती. सुरमई घरात येताना वाडीने बघितली होती. परत गेली ती परड्यातून, कुणाला दिसली नव्हती.

 मी म्हटलं, "मॅडम, करून टाका ना सही. एका पोराची तर आहे."

त्या थोडं हसल्या. "मासा देऊन मिळत नाही, तक्रार करून मिळते, असं होईल मग. शिवाय त्याला तो ठोकळा अजून कळलेला नाही." मोडलेलं टोक झटकून म्हणाल्या, "यादी लागायला अजून अवकाश आहे. बघू."

यादीचं त्या पहिल्यांदाच बोलल्या. त्यांना भीती वाटत होती हे मला त्या क्षणी कळलं. तोवर मी समजत होते की अशा माणसांना भीती नसते.

त्या संध्याकाळी भावजी खळ्यात आले. नेहमीसारखे माडाकडे वळले, काही बोलण्याच्या आधीच मी दाराबाहेर आले. पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, पण शब्द बाहेर पडले.

"मासो परत गेल्लो, भावजी. माझ्या चुलीकडसून परत गेल्लो."

भावजी वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कोण म्हणता?"

"मी म्हणतंय. सुशांताक इचारा."

ओंकार पडवीत उभा होता. त्याने हळूच म्हटलं, "खरा आसा, बाबा. माका म्हायत होता."

"म्हायत होता तर सांगलंस कित्याक नाय?"

 भावजी आत गेले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकार ड्रॉइंग बोर्ड काखेत घेऊन माझ्या पडवीत येऊन उभा राहिला. सबमिशनचे थोडेच दिवस उरले होते. मॅडम त्याच्याकडे बघून फक्त म्हणाल्या, "उजेड इथे चांगला आहे. बस."

ते दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. कॉलेज सुटलं की तो येऊन बसायचा. मॅडम पायरीवर, पाठ खांबाला टेकून. एक शब्द बोलायच्या नाहीत. रेघ चुकली की पेन्सिलीने बोर्डच्या कडेवर टकटक करायच्या. ओंकार खोडायचा, पुन्हा काढायचा. जाऊबाई काही ना काही काम काढून खळ्यातून चकरा मारत होत्या. भावजी दिसत नव्हते, पण आत त्यांचं खोकणं ऐकू यायचं. बाकीच्या शीट एकेक करून पुऱ्या झाल्या. शेवटी राहिला तोच ठोकळा.

शेवटच्या दिवशी वर्ग नव्हते, ओंकारने सकाळीच तो काढायला घेतला. दुपारपर्यंत काढला. मॅडमनी बघितला आणि खोडरबर पुढे केलं. खाच पुन्हा डावीकडे आली होती. काचेवर गिरवलेलं त्याच्या हातात बसलं होतं. त्याने खोडलं, पुन्हा काढलं, आणि खाच पुन्हा डावीकडे. कागद तिथे काळवंडला. ओंकारच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम उठल्या. न्हाणीघरातून माझ्या कपडे धुवायच्या साबणाची नवी वडी घेऊन आल्या. स्वयंपाकघरात विळीवर बसल्या, वडीचे कोपरे उतरवले, एका बाजूला खाच पाडली आणि तो साबण आणून बोर्डसमोर पायरीवर ठेवला.

"हा ठोकळा. समोरून बघ."

ओंकारने वाकून बघितलं.

"आता वरून. आता बाजूला जाऊन बघ."

तो पायरीभोवती फिरला. उकिडवा बसला, उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, "मॅडम, म्हणजे हे चित्र ह्या वस्तूचं आहे?"

"मग कशाचं वाटलं?"

"मला वाटलं, अशाच रेघा असतात."

मॅडमनी तोंडावर हात धरला. मला वाटलं, रागावल्या. पण त्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. ओंकारही हसला, नाक पुसत. मग नवा कागद लावला आणि बसला. ह्या खेपेला टकटक झाली नाही. घड्याळाकडे मीच सारखी बघत होते. चार वाजून गेले होते. सही झाली तरी शीट पाचच्या आत वर कॉलेजात पोचवायला हवी होती.

शीट पुरी झाली. मॅडमनी ती पालथी केली, बोट फिरवलं, सुलटी केली. एक रेघ जाड होती, ती खोडायला लावली. मला ओरडावंसं वाटत होतं की राहू दे आता ती रेघ. त्याने खोडली, पुन्हा काढली. मग सही झाली.

ओंकारने मोटरसायकल काढली. मॅडम शीटची गुंडाळी मांडीवर घेऊन मागे बसल्या. पण खळ्याच्या तोंडाशी भावजींचा आंब्याचा टेंपो आडवा उभा होता. ओंकारने हॉर्न वाजवला नाही. नुसता थांबला. भावजी घरातून आले, कुणाकडे न बघता टेंपोत बसले आणि टेंपो मागे घेतला. मोटरसायकल घाटी चढून गेली.

वेळेत पोचले. ओंकारला टर्म मिळाली.

भावजी दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून कॉलेजात गेले, तक्रार मागे घ्यायला. तिथे त्यांना सांगण्यात आलं की कागद आता वरच्या कार्यालयात गेला आहे, इथून काही करता येणार नाही. तिथेही ते जाऊन आले. हे मला जाऊबाईंनी दही मागायला आल्या तेव्हा सांगितलं.

उन्हाळ्यात यादी लागली. मॅडमचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही.

सामान बांधून झालं तेव्हा भावजी आले. खळ्यातून पायरीपर्यंत आले आणि थांबले. कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

"मॅडम, मी कागद मागे घेवक गेल्लंय."

"माहीत आहे."

"जमला नाय."

"तेही माहीत आहे. बसा काका, चहा घ्या."

भावजी माझ्या पायरीवर बसले आणि त्यांनी चहा घेतला.  जाताना त्यांनी मॅडमचं सामान स्वतः टेंपोत चढवलं आणि एसटी स्टँडपर्यंत सोडून आले. ओंकारची परीक्षा चालू होती, तो त्या दिवशी पेपरला होता. मॅडमनी त्याच्यासाठी काही निरोप ठेवला नाही. मला एवढंच म्हणाल्या, "ताई, त्याला सांगू नका माझ्या यादीचं. पेपर होऊ दे."

पेपर झाल्यावर त्याला कळलंच. दोन दिवस तो समुद्राकडे जाऊन बसत होता. सुशांत जाऊन घेऊन यायचा.

मॅडम आता सांगलीकडच्या एका कॉलेजात आहेत, तिथेही तासावरच. दिवाळीला फोन येतो. मी फोनवर फार बोलू शकत नाही. त्या बोलतात, मी ऐकते, हे त्यांनाही चालतं.

ओंकार दुसऱ्या वर्षाला गेला. तिथेही ड्रॉइंग होतं, शिकवायला नवे सर आले होते. सबमिशनच्या आधी पंधरवडाभर ओंकार माझ्या पडवीत बोर्ड लावून बसला. भावजींनी स्वतः येऊन वरती ट्यूब लावून दिली. चित्र कसलं होतं ते मला कळलं नाही, पण त्याने त्यासाठी सुशांतच्या होडीच्या इंजिनाचा जुना सुटा भाग आणून समोर ठेवला होता. फिरून फिरून बघायचा.

सबमिशनच्या दिवशी तो दुपारीच परत आला. काखेत गुंडाळी होती. मी म्हटलं, "झाली सही?"

"झाली."

"मगे तोंड कित्याक असा केलंस?"

त्याने शीट उलगडून माझ्यासमोर पडवीत पसरली. कोपऱ्यात निळ्या शाईची सही होती, लांबलचक. बाकी शीटवर कुठे बोटाचा डागसुद्धा नव्हता. तो तिच्याकडे बघत बसून राहिला.

"सरांनी सगळ्यांच्या शीट एकावर एक ठेवल्यानी आणि सह्या करत गेले," तो म्हणाला. "बघितल्यानी पण नाय, काकी."